लिंकरने मामा मागितला

“कुठी हायेस तू, वसंता? कुठी हायेस ते सांग पहिले!”

फोन स्पीकरवर नव्हता. तरीही धंतोलीतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बसलेल्या झाडून साऱ्या पेशंटांना एका दमात कळलं, की माझं नाव वसंता आहे, मी कोणाचा तरी मामा आहे आणि जिथे असायला पाहिजे तिथे मी नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा, कुसुमताईचा आवाजच तसा. ती उमरेडहून बोलते तेव्हा मोबाइल फक्त रीत म्हणून कानाला लावायचा असतो.

“निघालो ना, ताई! उमरेड रोडलेच लागलो हाये,” खुर्चीवर बसून, कॉम्प्युटरवरची नजर न काढता मी बोललो.

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने खणखणीत हाक दिली, “उपाशीपोटीच्या शुगरवाले कोण आहेत? लघवी आणली का?”

ते उमरेडला ताईनेही ऐकलं.

“उमरेड रोडवर लघवी कोण मागून राहिलं गा तुले?”

मी उत्तर जुळवतोय तोवर ताईच पुन्हा सुरू झाली. “नवरदेव जानोशातून मांडवाकडे निघून राहिला. रेणू शालू नेसून बसली हाये. भटजीनं मामा म्हटलं अन् तू दिसला नाही, तं आजपासून मले भाऊ नाही!” मोबाइल आपटता येत नाही असा लोकांचा समज आहे. ताईने आपटला.

आणि माझ्यासमोर पडद्यावर एक ओळ लुकलुकत होती: अनडिफाइन्ड रेफरन्स. तिचं मराठी करायचं तर ते ताईने नुकतंच केलं होतं. नाव घेता, पण माणूस कुठे आहे?

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, की तुमच्या कामातले थरारक प्रसंग लिहा. अहो, हे फायर ब्रिगेडवाल्याला सांगावं, सर्पमित्राला सांगावं. मी जन्मभर सी भाषेत प्रोग्राम लिहिले. माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा थरार म्हणजे एन्टरचं बटण दाबायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. पण फुगवून सांगायचं म्हटलं तर मी मागे हटणारा माणूस नाही, आणि यातलं बरंचसं खरंही आहे.

आधी धंदा समजून घ्या. मोठा प्रोग्राम कोणी एका फायलीत लिहीत नाही. कामं वाटून देतात. एक फाइल रिपोर्ट छापते, दुसरी मशीनशी बोलते. छापणाऱ्या फायलीत आपण नुसतं म्हणून ठेवतो, की ‘रक्त वाच’ नावाचं एक काम आहे, ते कोणीतरी करेल. (मी कामांना मराठीच नावं देतो. त्यामुळे माझा कोड पुण्या-बंगळुरूकडचा कोणी चोरत नाही, असा माझा समज आहे. चोरण्यासारखं त्यात काही नसतं, असं बायकोचं मत आहे.) हे सगळं वाचणारा पहिला अधिकारी कंपायलर. तो भला माणूस, लग्नपत्रिका छापणाऱ्यासारखा. ‘मुलीचे मामा श्री. वसंतराव’ एवढं लिहून दिलं की त्याचं समाधान. मामा आहे का, येणार का, आला तर शुद्धीत असेल का, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. दुसरा अधिकारी लिंकर. तो भटजी. सगळ्या फायली एकत्र आणून लग्न लावायचं काम त्याचं. ऐन मुहूर्ताला तो अंतरपाटामागून ओरडतो, “मामांनी मुलीला घेऊन या!” त्याला पत्रिका दाखवून भागत नाही. त्याला चालता-बोलता मामा लागतो. नाही दिसला, की लग्न बंद.

असे हरवलेले मामा शोधून देण्यात माझी नागपुरात ख्याती होती. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगत असे. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सरांनी मला एकदा गाडी पाठवून बोलावलं. त्यांच्या प्रोग्रामला वर्गमूळ सापडत नव्हतं. गणिताची लायब्ररी, म्हणजे तयार कामांचं गाठोडं, वेगळी जोडावी लागते, ती जोडली नव्हती. मी उभ्या उभ्या दोन अक्षरं टाइप केली, झालं. चहा यायच्या आत मी मोकळा. सरांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं, की एवढ्यासाठी गाडी पाठवली? परत जायला मला गाडी मिळाली नाही. तेव्हापासून मी नियम केला, की उत्तर दारातूनच दिसलं तरी आधी कपाळाला हात लावून बसायचं, मधूनमधून “अरे बापरे” म्हणायचं आणि नाश्ता झाल्याशिवाय बरं करायचं नाही.

उमरेडकडच्या एका कोळशाच्या काट्यावर तर मामा जन्मालाच आला नव्हता. ट्रकचं वजन पावतीवर छापणारं काम माझा भागीदार लिहील असं मी समजलो, मी लिहीन असं तो समजला, आणि दोघांनीही मालकाला सांगून टाकलं, “झालंच समजा.” मालक समजला. कंपायलरसुद्धा समजला. लिंकर मात्र समजून घेत नाही, तो विचारतो. त्या दिवशी ट्रकांची अशी रांग लागली, की पहिला ट्रक काट्यावर आणि शेवटचा आमच्या घरासमोर. बायकोने खिडकीतून विचारलं, “काहून हो, हे तुमच्यामुळेच ना?” लग्नाला इतकी वर्षं झाली की पुरावा लागत नाही.

तर रेणू. ताईची एकुलती एक. कॉलेजची सगळी वर्षं ती नागपूरला आमच्याकडे राहून शिकली. माझ्या गप्पा मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकणारी जगात ती एकटी. काट्यावरच्या ट्रकांची रांग तिने पूर्ण ऐकली, नागपूरपर्यंत येऊ दिली आणि मग शांतपणे विचारलं, “अन् खरं काय झालं, मामा?” हा प्रश्न ती दर वेळी विचारायची. मग मी खरं सांगायचो. तेवढ्या एका घरात, तेवढ्या एका पोरीला मी खरं सांगत आलो.

हळदीच्या दिवशी पिवळ्या हातांनी माझी बाही धरून ती म्हणाली, “मामा, मले काही देऊ नको. मांडवात तूच आणजो फक्त. अन् वेळेवर येजो.”

“वेळेवर? अवं, मी सगळ्यांच्या आधी येतो,” मी छाती फुगवून म्हणालो.

आणि आलो की! लग्नाच्या दिवशी उजाडताच मी मोटारसायकलवरून उमरेडला मांडवात हजर. अंगात नवा कुरता, डोक्याला पांढरा फेटा. फेटा स्वतः बांधलेला. मानाचा मामा मी, मला वाटलं वाजंत्री लागेल. खुर्च्या उतरवणारा माणूस म्हणाला, “काका, बाजूले व्हा.” बाजूला झालो तर तिथे पोह्यांची कढई आली. ताई माझ्यासमोरून तीनदा गेली. दोनदा मला दिसूनही तिला मी दिसलो नाही, तिसऱ्यांदा तिने माझ्या हातात नारळांचं पोतं दिलं आणि पुढे गेली. चहा कोणी विचारला नाही. रेणू अजून उठायची होती. नारळांचं पोतं मांडीवर घेऊन मी एका उलट्या खुर्चीवर बसलो आणि मान कोणत्या बाजूने येतो ते पाहू लागलो.

आला फोन. धंतोलीहून, डॉक्टर गजभिये मॅडमचा. लॅब त्यांची, पण रिपोर्टचा प्रोग्राम माझा. त्यांचं रक्त तपासायचं मशीन नुसते आकडे ओकतं. त्या आकड्यांमधून माणसाला वाचता येईल असा रिपोर्ट माझा प्रोग्राम काढतो.

“वैरागडेजी, जुना कॉम्प्युटर बसला. नवा आणला आहे, त्यावर तुमचं चढवून द्या. विदर्भभरचे पेशंट बसले आहेत.”

त्यांना सांगायचं होतं, की मॅडम, आज भाचीचं लग्न आहे. पण इकडे मी पोतं घेऊन बसलेला आणि तिकडे ‘वैरागडेजी’! जिथे विचारतात तिथे माणूस धावतो. “पाच मिनिटांचं काम, मॅडम!” मी म्हणालो. मुहूर्त दुपारचा होता. जाऊन, करून, परत येऊन वर झोप काढता आली असती, असा माझा हिशेब.

निघताना शिडीवर चढलेल्या रामदास मंडपवाल्याला सांगितलं, “रामदास, ताईले सांगजो, गेलो तसा आलो.” त्याच्या तोंडात खिळे होते. तो म्हणाला, “हूं.”

धंतोली ही नागपुरातली दवाखान्यांची वस्ती, तिथे डोक्याला पांढरं गुंडाळलेला माणूस दिसला की लोक रस्ता देतात. गल्लीच्या तोंडापासून लॅबपर्यंत दोघांनी मला “कुठे लागलं?” विचारलं आणि एकाने स्ट्रेचर आणू का म्हटलं.

नवा कॉम्प्युटर सुरू होता, माझ्या फायली पेनड्राइव्हवर होत्या. फक्त सगळं जोडण्याचा जो एका ओळीचा हुकूम असतो, तो जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेला होता. मी हसलो. ती ओळ काय पाहून लिहायची? ती मी झोपेत लिहितो. टाइप केली. एन्टर.

अनडिफाइन्ड रेफरन्स. ‘रक्त वाच’ सापडत नाही.

सापडत कसा नाही? मशीनशी बोलणारी लायब्ररी मीच लिहिलेली. उघडून पाहिली. ‘रक्त वाच’ आत मांडी घालून बसलेला! मामा घरात आहे, दिवाणखान्यात आहे, मला दिसतो आहे, आणि भटजी म्हणतो मामा नाही. लायब्ररी नव्याने बांधली. नाही. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. नाही. की-बोर्ड बदलला, ज्याचा काही संबंध नव्हता. खुर्ची बदलली. मॅडमच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आहे, तिच्याकडे एकटक पाहून चित्त शांत केलं आणि शांत चित्ताने तीच ओळ पुन्हा टाइप केली. तीच शिवी पुन्हा आली. आणि याच वेळी ताईचा तो फोन, ज्याने मी सुरुवात केली.

आता मला घाम फुटला. लॅब सोडून पळावं, तर कुहीहून आलेले एक आजोबा समोरच बाकावर बसलेले, त्यांचा रिपोर्ट घेऊन शेजारच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरला दाखवायचा होता. न पळावं, तर रेणू.

तेव्हा मी धंद्यातली सगळ्यात हलकट युक्ती काढली. रिकामा मामा. लिंकर नाव पाहतो, पोटात काय आहे ते पाहत नाही. ‘रक्त वाच’ नावाचं एक काम मी तिथल्या तिथे लिहून टाकलं, ज्याच्या पोटात काहीच नाही. काहीही विचारा, शून्य म्हणतं. निदान बाकीचं सगळं चालतं का ते तरी कळेल, म्हटलं. एन्टर. लिंकर खूश! प्रिंटर घरघरला, कागद बाहेर आला आणि मी उचलायच्या आत मॅडमच्या हातात गेला.

“हिमोग्लोबिन शून्य,” मॅडम वाचू लागल्या. “पांढऱ्या पेशी शून्य. प्लेटलेट शून्य.” चष्म्यावरून त्यांनी बाकाकडे पाहिलं. आजोबा चहात बिस्कीट बुडवत होते. “बाबा, हा तुमचा रिपोर्ट.”

“मंग मी गेलो का, मॅडम?” आजोबांनी विचारलं.

“वैरागडेजींच्या मते, हो.”

आजोबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “पण पट्टी तं त्यायच्याच डोक्याले हाये.”

सगळी लॅब हसली. मॅडमनी कागदाचे तुकडे करून ते माझ्या हातात दिले. तेवढ्यात फोन वाजला. या वेळी ताईचे यजमान, गजाननभाऊजी. भाऊजींचा आवाज कधी चढत नाही. घरातला सगळा आवाज ताई वापरून टाकते.

“वसंतराव, रामदास म्हणते, तुम्ही सकाळी येऊन गेले.”

“आलो होतो ना, भाऊजी! सगळ्यायच्या आधी आलो होतो! कुत्र्यानं विचारलं नाही मले!”

“काहून विचारतील? सकाळी मामाचं काय काम? पोरगी झोपली होती. तुम्ही आले तेव्हा कोणाले गरज नव्हती, म्हणून कोणी धरून ठेवलं नाही. आता गरज पडली, तं तुम्ही नाही.” मग अगदी हळू, “आधी मागणारा येते, वसंतराव. मामा त्याच्यामागून यायले पाहिजे.”

मी ताडकन उभा राहिलो. फेटा सुटून खांद्यावर आला.

“भाऊजी, तुम्ही लिंकर शिकले का?”

“काय?”

मी फोन ठेवला. अहो, लिंकर ती ओळ डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो, मागे वळत नाही! लायब्ररी समोर आली की तो विचारतो, “हिच्यातलं कोणाला काही पाहिजे का?” आधीच्या कोणी मागितलं असेल तर तेवढं काढून घेतो. कोणी मागितलं नसेल, तर लायब्ररीला नमस्कार आणि पुढे. मग रिपोर्टची फाइल येते आणि म्हणते, “मला ‘रक्त वाच’ पाहिजे.” तोवर लायब्ररी पोतं ठेवून घरी गेलेली! मी जी ओळ झोपेत लिहितो म्हणत होतो, तिच्यात लायब्ररीचं नाव आधी आणि रिपोर्टची फाइल नंतर. माझ्यासारखीच निघाली लायब्ररी. सगळ्यांच्या आधी येऊन बसली आणि कोणी विचारलं नाही म्हणून चालती झाली. ही गोष्ट मी उभ्या जन्मात इतक्या नवशिक्यांना शिकवली होती, की सगळ्यांना ओळीत उभं केलं तर ओळ उमरेडला पोचेल.

रिकामा मामा खोडला. लायब्ररीचं नाव उचलून ओळीच्या शेवटी टाकलं. एन्टर. पडद्यावर काहीच आलं नाही. लिंकरचं समाधान असंच असतं, तो शाबासकी देत नाही, फक्त शिव्या द्यायचं थांबतो. प्रिंटर पुन्हा घरघरला.

मॅडमनी आजोबांचा कागद वाचला, मशीनच्या आकड्यांशी ताडून पाहिला. “हिमोग्लोबिन थोडं कमी आहे, बाबा. पण आहे.”

“आहे ना? बास,” आजोबा म्हणाले आणि उठले.

“वैरागडेजी, झालं काय होतं?” मॅडमनी विचारलं.

कपाळाला हात लावायला वेळ नव्हता. “नंतरचं नाव आधी टाकलं होतं, मॅडम.”

“एवढंच? आणि सकाळपासून…” मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा फेटा पाहिला, घड्याळ पाहिलं. “अहो, तुम्ही कोणाच्या लग्नाला जात होता का?”

पुढचं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल फेकतो. उमरेडची एसटी आजवर मला मागे टाकत आली. त्या दिवशी मी तिला अशी मागे टाकली, की कंडक्टरने सवयीने तिकीट द्यायला खिडकीतून हात काढला. फेटा मागे लांबच लांब उडत होता. एका पोलिसाने तो दोर समजून माझ्या मागे त्याला बांधलेली गाडी शोधली.

गावात शिरलो तेव्हा लाउडस्पीकर ऐकू आला. मंगलाष्टकं. मी मोटारसायकल उभी केली नाही, सोडली. मांडवाच्या दारात पोचलो आणि शेवटचं “सावधान” झालं. वाजंत्री सुरू झाली, अक्षता उडाल्या. माझ्याजवळ अक्षता नव्हत्या. खिशात बडीशेप होती, तीच उधळली. ती पुढच्या गृहस्थाच्या टकलावर पडली आणि त्याने वळून मला विचारलं, “तुम्ही नवरदेवाकडचे का?”

अंतरपाट दूर झाला होता. रेणू उभी होती, खाली पाहत. आणि तिच्या मागे, तिच्या दंडाला हलकेच धरून, डोक्याला अगदी नीट फेटा बांधलेला एक माणूस उभा होता. त्याच्या मागच्या खिशातून हातोडी डोकावत होती.

रामदास मंडपवाला.

नंतर कळलं ते असं. चुलत मामा दोन होते, पण एक नवरदेवाकडची बस शोधायला चौकात गेलेला आणि दुसरा मला जास्त मान आहे म्हणून रुसून घरीच बसलेला. माझा म्हणजे नारळांच्या पोत्याचा मान. भटजी मामा, मामा करून घसा कोरडा करून राहिला, मुहूर्त चालला. रामदास शिडीखाली उभा होता. भाऊजींनी कोणाचा तरी फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. लिंकर नाव पाहतो, पोट पाहत नाही. पण मी दाराशी उभा राहून पाहत होतो, तर रामदास दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता. रिकाम्या मामाच्या पोटात काही नसतं, असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे शिकवत आलो होतो.

आहेर द्यायच्या रांगेत उभा राहून मी स्टेजवर गेलो. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज आला नाही. मी रेणूला सगळं सांगितलं. नवा कॉम्प्युटर, लिंकर, डावीकडून उजवीकडे, कुहीचे आजोबा, कंडक्टरचा हात, पोलीस. मागची माणसं पाकिटं घेऊन खोळंबली, फोटोवाला “काका, पुढे चला” म्हणत होता. रेणूने नेहमीसारखं एकदाही न तोडता शेवटपर्यंत ऐकलं. मी थांबलो आणि वाट पाहिली, की आता ती विचारेल, अन् खरं काय झालं, मामा?

तिने विचारलं नाही.

“खरंच झालं गं हे,” मीच म्हणालो. “आजोबांचं, लायब्ररीचं, सारं खरं हाये. पण रेणू… मंडपवाला?”

तिने माझ्या खांद्यावर लोंबणारा फेटा दोन्ही हातांनी गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

“भटजीनं मामा मागितला,” ती म्हणाली. “जो होता, तो उभा राहिला.”